साखळदंडातला इसम

गेल्या रविवारी दुपारी एका लाल डोळ्यांच्या राक्षसाने मला दोन्ही हातांनी उचलून दगडी जमिनीवर आपटले, त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते मागच्या आरामखुर्चीतून आलेल्या "बरोबर केलं त्यानं" या शेऱ्याचे. शेरा मारणारे माझे सासरे, अप्पा. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले अप्पा डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे मुक्कामाला आले होते आणि डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती माझ्या टीव्हीसमोर घेत होते.

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा तलवारबाजीचा जपानी व्हिडिओ गेम २०१९ साली आला, त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम खेळ ठरला आणि माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला एवढा काळ लागला, कारण तोवर मला निवांत रविवार मिळाला नव्हता. सेंगोकू काळाच्या, म्हणजे जपानमधल्या यादवी युद्धांच्या काळाच्या, अखेरचे आशिना नावाचे काल्पनिक राज्य, त्यातला एक शिनोबी, म्हणजे छुप्या कारवाया करणारा योद्धा, आणि त्याचा बालवयातला धनी, एवढी कथा पुरेशी आहे. सुरुवातीलाच गेनिचिरो नावाचा योद्धा नायकाचा डावा हात तोडतो. आपण कितीही चांगले लढलो, अगदी त्याला हरवत आणले, तरी हात तुटतोच. निकाल आधी लिहून ठेवलेला आणि सुनावणी मात्र साग्रसंगीत, असा हा प्रकार पाहून अप्पा पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसले.

पुढच्या वाटेवर तो राक्षस भेटतो. मानेत लाकडी खोडा, अंगाभोवती साखळदंड. आपण जवळ गेलो की तो साखळ्या तोडून धावून येतो. मी तलवार उपसली, तेव्हा अप्पांनी चष्मा पुसला.

"जावईबापू, हा इसम ताब्यात आहे ना?"

"हो अप्पा."

"मग ताब्यातल्या इसमावर तुम्ही शस्त्र कसं काय चालवता? वॉरंट आहे?"

"मला पुढे जायचंय, आणि तो वाटेत आहे."

"वाटेत तर आमच्या कोर्टाच्या आवारात निम्मा जिल्हा असायचा. फिर्यादी कोण?"

"फिर्यादी कुणी नाही. हा खेळ आहे."

"फिर्यादी नाही, पंच नाहीत, पंचनामा नाही," अप्पा अत्यंत शांतपणे म्हणाले, "आणि मागून जाऊन पाठीत वार करताय. राक्षसाची बाजू भक्कम आहे."

एवढ्यात राक्षसाने मला पकडले. शत्रूच्या अडवता न येणाऱ्या हल्ल्याआधी पडद्यावर एक लाल अक्षर चमकते, आणि तेवढ्या निमिषात आपण ठरवायचे असते की भोसकणे येत आहे, पायाखालून वार येत आहे की पकड. भोसकणाऱ्याच्या शस्त्रावर पाय देऊन ते दाबायचे, पायाखालचा वार उडी मारून चुकवायचा आणि पकडीपासून बाजूला सटकायचे. मी सटकलो होतो. तो माझ्यापासून हातभर लांब होता हे मी कुठल्याही न्यायालयात शपथेवर सांगायला तयार आहे, तरीही त्याच्या मुठीत माझी मान होती. नायक मेला, आणि एक बटण दाबताच जागच्या जागी पुन्हा उठला, कारण त्याला तशी सोय आहे.

"अपील दाखल झालं वाटतं," अप्पा म्हणाले. अपील लगेच फेटाळले गेले. "चला, पुढची तारीख."

त्यानंतर दुपारभर माझ्या प्रत्येक मृत्यूला "पुढची तारीख" असा पुकारा होत राहिला, आणि तोही न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे शेजाऱ्यांनाही.

खरे सांगायचे तर तलवारबाजी अप्रतिम आहे. शत्रूचे रक्त काढण्यापेक्षा त्याचा तोल मोडणे महत्त्वाचे. त्याचा वार नेमक्या क्षणी झेलला की ठिणगी उडते, खणखणाट होतो आणि त्याच्या तोलाची पट्टी भरत जाते, ती पूर्ण भरली की एकाच घावात खेळ खलास. पळपुट्याला येथे थारा नाही, समोर उभे राहूनच लढावे लागते. परंतु हा खेळ सोपा करण्याची कोणतीही सोय त्यात नाही, आणि यावर तो आला तेव्हाच बराच वाद झाला. सोपेपणा मागणारे आळशी असतात, असे सांगणारी मंडळी मला नेहमी भेटतात. त्यांच्यापैकी कुणालाही गॅस सिलिंडरसाठी खेळ मध्येच थांबवून दार उघडावे लागत नसावे. दिवसभर वरिष्ठांचे ऐकून रात्री जो तासभर उरतो, त्यातही कुणीतरी माझी लायकीच तपासत बसावे, हे मला पटलेले नाही.

शिवाय शिक्षा एवढ्यावर थांबत नाही. पुरते मेल्यावर गाठीचे निम्मे पैसे आणि पुढच्या कौशल्यासाठी जमवलेला निम्मा अनुभव जातो. (अप्पा: "जप्ती.") हे दोन्ही वाचण्याची शक्यता सुरुवातीला ३० टक्के असते, आणि आपण वारंवार मेलो की खेळातल्या गरीब माणसांना रोग जडून ते खोकू लागतात व ती शक्यताही घटते. ज्या वृद्ध मूर्तिकाराने मला कृत्रिम हात बसवून दिला, तोच खोकू लागला. अप्पांना स्वतःला दोन दिवस खोकला होता. त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून माझ्या पत्नीला म्हणाले, "काढा नको करूस, कारण सापडलं."

अखेर ज्वाळा फेकणारे यंत्र त्या कृत्रिम हातात बसवले, कारण लाल डोळ्यांचे शत्रू आगीला भितात, आणि राक्षस कोसळला. मी आनंदाने ओरडलो आणि तो पुन्हा उठला, कारण त्याला दोनदा मारावे लागते. दुसऱ्यांदाही मारला. अभिनंदनाच्या अपेक्षेने मी मागे वळून पाहिले.

"घटनेचं कलम वीस, पोटकलम दोन," अप्पा म्हणाले. "एकाच अपराधासाठी एकाच इसमाला दोनदा शिक्षा होत नाही. हे वरच्या कोर्टात टिकणार नाही."

पुढे मैदानात एक घोडेस्वार भाला घेऊन माझ्यावर चालून आला आणि लढण्याआधी त्याने गर्जना करून स्वतःचे संपूर्ण नाव सांगितले: ग्योबू मासाताका ओनिवा. अप्पांनी समाधानाने मान डोलावली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतके स्पष्ट नाव सांगणारा साक्षीदार आपल्याला भेटला नाही, असे ते म्हणाले, आणि मी घोड्याच्या टापांखाली जात असताना त्यांनी मला आवाज कमी न करण्याची सूचना केली, कारण त्यांना ते नाव पुन्हा ऐकायचे होते.