जुना पार्ट लावा, पण त्याला कामाला लावा

नव्या रेट्रो, म्हणजे जुन्या रूपात बनवलेल्या नव्या मोटरसायकलींना सरसकट ‘नकली’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. त्याच गाड्यांवर हाताला लागेल तो जुना पार्ट ठोकणाऱ्यांशी तर त्याहून पटत नाही. म्हणजे शिव्या दोन्हीकडून बसणार. बसू देत.

आधी ‘नकली’वाल्यांचं बघू. त्यांचं आवडतं उदाहरण ट्रायम्फ बॉनव्हिल या ब्रिटिश मोटरसायकलचं. मूळ गाडी 1959 ची. जुना कारखाना 1983 मध्ये बंद पडला, नाव जॉन ब्लूर यांनी विकत घेतलं आणि 2000 मध्ये नव्या कारखान्यातून नवी बॉनव्हिल आली. पुढे त्या इंजिनाला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन दिलं, तेव्हा इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडींना, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या नळ्यांना, चक्क कार्ब्युरेटरचा आकार दिला. लोक अजून त्यावर हसतात. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या इंजिनाचा चेहराच कार्ब्युरेटरमुळे आहे. तिथे दोन बोडके पाइप दिसले असते तर हेच लोक म्हणाले असते, ‘बघा, आत्मा गेला.’

आणि कंपन्यांनी काय परत आणलं नाही, तेही बघा ना. जुन्या ब्रिटिश ट्विनच्या, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीच्या, खाली पुठ्ठा ठेवायची वेळ आणणारी ऑइलगळती कुणी परत आणली नाही. दोन्ही पिस्टन एकदम वरखाली करणारा 360 अंशांचा क्रँक आणि त्याची हात बधिर करणारी थरथरही बहुतेकांनी मागे सोडली. आजची वॉटरकूल्ड बॉनव्हिल आणि रॉयल एन्फिल्डची 650 ट्विन, दोन्हींचा क्रँक 270 अंशांचा, म्हणजे पिस्टन एकदम नाही, मागेपुढे चालतात. जुन्या गाडीसारखी दिसणारी, पण जुन्या गाडीसारखी न छळणारी गाडी लोकांना हवी होती, तीच मिळाली. याला लबाडी का म्हणायचं?

याहून सरस उदाहरण यामाहा एसआर 400 चं. 1978 मध्ये आली, 2021 मध्ये थांबली. मधे इंजेक्शन आलं, तरी सेल्फ दिलाच नाही. किक मारा, नाहीतर ढकला. डाव्या हाताशी डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, आणि इंजिनाच्या डोक्यावर एक बारीकशी काच. त्या काचेत खूण दिसली की पिस्टन योग्य जागी आला, मग पाय टाकायचा. ही किक शोभेची नव्हती, तिच्याशिवाय गाडी सुरूच होत नव्हती. कावासाकीच्या 1999 च्या डब्ल्यू 650 ला सेल्फ होता, पण किकही खरी होती, बॅटरी बसली तर उपयोगी पडणारी. पुढे डब्ल्यू 800 आली तेव्हा किक गेली. मला ती गाडी आवडते, पण तिच्याकडे पाहताना दर वेळी नजर त्या रिकाम्या जागेवर जाते.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. पार्ट जुना असो वा जुन्यासारखा, तो गाडीवर काहीतरी काम करत असला पाहिजे.

कस्टमचा, म्हणजे गाडी आपल्या मनाप्रमाणे बदलण्याचा, इतिहास काढला तरी हेच सापडतं. 1950 च्या सुमारास मॅकँडलेस बंधूंनी नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीसाठी फेदरबेड फ्रेम केली. वळणात तिच्या तोडीचं तेव्हा फारसं काही नव्हतं. त्याच काळात छोट्या रेसिंग कारवाल्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. म्हणून ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून कारमध्ये टाकत आणि फ्रेम उरायची. मोटरसायकलवाल्या पोरांनी त्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलं. ती ट्रायटन. एकाचं इंजिन चांगलं, दुसऱ्याची फ्रेम चांगली, दोन्ही एकत्र केल्या की गाडी खरंच सुधारते. पुढच्या फोर्कवर खाली आवळलेलं क्लिप-ऑन हँडल लावलं ते खाली वाकून वारा कापायला. मागे सरकवलेले फूटरेस्ट लावले ते त्या बसण्याला साथ द्यायला. फोटोसाठी कुणी काही लावत नव्हतं.

आता आजच्या गाड्या बघा. शॉकअपवर चालणाऱ्या गाडीवर स्प्रिंगवालं एकेरी सीट. ते सीट मुळात अशा गाड्यांसाठी होतं ज्यांच्या मागच्या चाकाला शॉकअपच नव्हते. रस्त्याचा हिसका थेट पाठीत जायचा, म्हणून स्प्रिंग सीटखाली. नव्या गाडीवर ते लावलं की स्प्रिंगवर स्प्रिंग होते आणि खड्ड्यात गाडी एका तालात, चालवणारा दुसऱ्याच तालात. एक्झॉस्टला गुंडाळलेली पट्टी तशीच. तिचं काम उष्णता पाइपात धरून ठेवायचं. रोजच्या वापराच्या गाडीवर मात्र ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतला पाइप गंजवते. आणि ते चौकोनी नक्षीचे जुन्या धर्तीचे टायर! फोटोत झकास, ओल्या वळणात देव आठवतो. गंमत म्हणजे जुन्या धर्तीचाच हवा असेल तर डनलॉपचा के 81 आहे. 1969 मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलने बॉनव्हिलवर ताशी 100 मैलांच्या वर सरासरी ठेवून लॅप मारला, तेव्हा याच टायरवर. मग टायरचं नावच टीटी 100 झालं. जुनं असूनही कमावलेलं.

मग लावावं काय? सगळ्यात सोपा हेडलाइट. सात इंची गोल दिवा हे माप इतकी दशकं टिकलंय की ल्युकास या जुन्या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीच्या भांड्यात आजचा एलईडी बसतो. बाहेरून जुनं पत्र्याचं भांडं, जुनी क्रोमची कडी, आत रात्री रस्ता दाखवणारा उजेड. फक्त त्या भांड्यात अँपमीटर, म्हणजे करंट मोजणारा काटा, असेल तर जपून. जुन्या ल्युकास अँपमीटरवर 8-0-8 असे आकडे असतात, म्हणजे आठ अँपिअरपर्यंतचा हिशोब. आजचा आल्टरनेटर त्याच्या कितीतरी पट करंट देतो, आणि बॅटरीत जाणारा-येणारा करंट थेट अँपमीटरमधून जातो. तो तसाच जोडणं म्हणजे हेडलाइटमध्ये शेगडी पेटवणं. चेहरा जुना ठेवून आत व्होल्टमीटर बसवून घ्या, बॅटरीची तब्येत तरी कळेल.

माझ्या गाडीवर मी लावलेला पार्ट म्हणजे ल्युकासचा आल्टेट हॉर्न, तो चपटा, गोल, काळा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं, आपल्याकडे निगेटिव्ह. हॉर्नला त्याचा फरक पडत नाही. सहा व्होल्टचा असेल तर कॉइल बदलून घ्यावी लागते, आणि बटणावर भार येऊ नये म्हणून रिले, म्हणजे हॉर्नचा करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच, हवाच. आवाज मात्र असा की समोरचा मागे वळून बघतो, आणि चिडत नाही.

पण खरी मजा स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या क्रोनोमेट्रिक मीटरची, म्हणजे जुन्या स्पीडोमीटरची. मित्राने एक उघडून टेबलावर ठेवलं होतं आणि एरवी चाकाबरोबर फिरून मीटर चालवते त्या केबलचा तुकडा ड्रिल मशीनला लावून फिरवत होता. (दिशा बघून फिरवायचं, उलटं फिरवलं तर आतलं काम बिघडतं.) ते मीटर म्हणजे घड्याळाचंच यंत्र. पाऊण सेकंदाच्या आसपास केबलचे वेढे मोजतं, मग काटा तेवढा पुढे नेऊन ठेवतं, मग परत मोजायला लागतं. त्यामुळे काटा सरकत नाही, टक टक करत पायऱ्या चढतो. ड्रिलचा वेग वाढवला की एक उडी, अजून वाढवला की दुसरी. वेग कायम ठेवला की काटा ठोकल्यासारखा स्थिर. नंतरच्या चुंबकवाल्या मीटरचा काटा हा असा कधी उभा राहत नाही.

हे मीटर आजच्या गाडीवर चालवायचं कसं, हा प्रश्न मला एखाद्या कोड्यासारखा आवडतो. आजच्या गाडीला मीटरची केबलच नसते, वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून कळतो. एक रस्ता म्हणजे पुढच्या हबवर जुन्या पद्धतीचा, चाकाबरोबर केबल फिरवणारा गिअर ड्राइव्ह बसवायचा. दुसरा, सेन्सरचे पल्स घेऊन छोट्या मोटरने मीटरची दांडी फिरवायची. केबलचे मैलाला किती वेढे हवेत, तो आकडा अनेक स्मिथ्स मीटरांच्या तबकडीवरच छापलेला असतो. टायरचा घेर मोजा आणि गणित करा. आणखी एक अडचण आहे. अनेक नव्या गाड्यांत कंपनीचं मीटर इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाशी, आणि एबीएसच्या इशाऱ्यांशी बांधलेलं असतं. ते काढून फेकलं तर गाडी सुरूच होणार नाही. सीटखाली लपवा, पण जोडलेलं ठेवा, आणि एबीएसचा इशारा डोळ्यांसमोर दिसेल अशी सोय करा. इतका खटाटोप करून जेव्हा तो काटा खऱ्या वेगाला टक टक चढतो, तेव्हा त्या मीटरला आपण शोकेसमधून काढून परत नोकरीला लावलेलं असतं.

जुन्या टाकीचा मोह भल्याभल्यांना होतो. टाकी म्हणजे गाडीचा अर्धा देखणेपणा, मान्य. पण जुनी टाकी खाली कॉक उघडला की पेट्रोल आपोआप उतरावं एवढ्यासाठीच बनलेली. इंजेक्शनला साधारण तीन बारचा दाब लागतो आणि पंप टाकीच्या आत असतो. म्हणजे खालून भोक पाडून पंपाची बैठक वेल्ड करणं आलं. आतल्या गंजाचे कण पंपाच्या जाळीत अडकणं आलं. आणि पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या टाकीवर वेल्डिंग हा घरी करायचा प्रयोग नाही. एवढं करून साठ वर्षांपूर्वीची धड टाकी कायमची कापली जाते. ती टाकी जिच्या हक्काची, अशी एखादी जुनी गाडी तिची वाट बघत कुठेतरी उघडीच उभी असते.

आट्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. जुन्या ब्रिटिश पार्टांवर सायकल थ्रेड असतात, इंचाला 26 आटे. पाच सोळांश इंची बोल्ट भरतो 7.94 मिलिमीटर, म्हणजे हातात घेतला तर हुबेहूब एम 8, आजचा आठ मिलिमीटरचा बोल्ट. पण त्याच्या आट्यांतलं अंतर 0.98 मिलिमीटर आणि साध्या एम 8 चं 1.25. नट एखाद-दोन वेढे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. तिथे पान्याला जोर दिला की दोन्ही गेले. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यावरचा आकडा तर बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, त्यामुळे नवशिक्याला एकही पाना बसत नाही. जुना पार्ट घेताना त्याचे नट-बोल्ट सोबत मागून घ्या. विकणारा देत नसेल तर समजा, त्यालाही ते सापडलेले नाहीत.

ब्रेक, टायर आणि सस्पेंशन जुनं लावू नका. यावर वाद घालणार नाही.

आणि कंपनीतून कोरी आलेली टाकी घासून, रंग उडवून, वर गंजाचा रंग मारून तिला ‘जुनी’ करणारे! थ्रॉटल बॉडीला कार्ब्युरेटरचा आकार देणाऱ्याने निदान एका चांगल्या वस्तूची आठवण ठेवली होती. इथे न झालेल्या प्रवासाचे ओरखडे गाडीवर काढून घ्यायचे. बरं, खाली उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यात खरा गंजतो, ते वेगळंच.

अस्सल पार्ट उरलेत थोडे, हाही मुद्दा आहेच. कुणी जुनी गाडी मुळाबरहुकूम उभी करत असेल आणि त्याला हवा असलेला डबीबंद न वापरलेला पार्ट आपण हौसेपोटी उचलत असू, तर ते मला खटकतं. म्हणून माझा शिरस्ता असा की संपूर्ण, अस्सल आणि दुर्मीळ दिसला की हात मागे. क्रोम गेलेलं, पोचा आलेलं, एखादा कान तुटलेलं भांडं मला चालतं. त्याच्याकडे रिस्टोरेशनवाला ढुंकून बघणार नाही, आणि माझ्या गाडीवर ते अजून वीस वर्षं काम करेल. चांगल्या प्रतीच्या नव्या नकला मिळतात, त्या घ्यायला लाज कसली?

बीएमडब्ल्यूने 2013 मध्ये आर नाइनटी काढली तेव्हा मागची सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा सांगाडा, सुटी दिली आणि इंजिनाची वायरिंग बाकी गाडीच्या वायरिंगपासून वेगळी ठेवली, लोक उघडणारच हे धरून. सगळ्या गाड्या इतक्या समजूतदार नसतात, म्हणून कटरला हात लावण्याआधी बोल्टवर काय काय जमतं ते बघा. कंपनीचे काढलेले पार्ट मी चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवलेत. गाडी विकली तर खोकं सोबत जाईल, आल्टेट माझ्याकडे राहील.

आता ज्यांनी पुढच्या हबवर गिअर ड्राइव्ह बसवून क्रोनोमेट्रिक चालवलंय त्यांना विचारतो: पावसात ड्राइव्हच्या आत पाणी जातं का, आणि ग्रीस किती किलोमीटरला बदलता? मोटरवाला रस्ता सोपा आहे हे कळतंय, पण मन केबलवरच अडकलंय.