काकांचा प्रश्न : मग पाकिटात किती टाकायचे?

काका, सलाम.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे. पण शेवटी "देव तुझं भलं करो, मुली" असं लिहिलंत, त्यामुळे मीही मोकळेपणाने लिहिते. चार ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळं उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मी त्यात एका घराचा महिन्याचा हिशेब मांडला होता. घर कल्पित, पण आपल्या कुठल्याही मंडळीत (चर्चमध्ये) सापडेल असं. नवरा खासगी कंपनीत, हातात ३२,००० रुपये. भाडं ७,५००, किराणा-दूध-भाजी ७,०००, शाळा आणि व्हॅन ३,०००, वीज-गॅस-मोबाइल २,०००, येणं-जाणं २,०००, सासूबाईंची औषधं १,५००, दुचाकीचा हप्ता २,८००. शिवाय क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेले, त्याचा महिन्याचा किमान भरणा ३,०००. उरतात ३,२००, म्हणजे नेमका दशांश, मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग. मी लिहिलं होतं की कार्ड फिटेपर्यंत या घराने पूर्ण दशांशाचा हट्ट धरू नये.

त्यावर तुमचं म्हणणं असं: उद्याची चिंता करू नका हे प्रभूचं वचन असताना वही-पेन घेऊन बसणं हा अविश्वास आहे. दशांश देवाचा, तो आधीच निघाला पाहिजे, मग देव आकाशकपाटं उघडतो, आशीर्वाद ओततो. बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकल्या तेव्हा हिशेब केला नव्हता. पंडिता रमाबाईंनी बजेट मांडून मुक्ती मिशन (केडगावचा निराधार स्त्रिया-मुलींचा आश्रम) उभं केलं नाही. आणि शेवटी, "गोल गोल बोलू नकोस, त्या घराने रविवारी मंडळीच्या वर्गणीच्या पाकिटात किती टाकायचे ते आकड्यात सांग."

आकडा सांगते, शेवटी. आधी मलाखी संदेष्ट्याचं 'सगळा दशांश भांडारात आणा' हे वचन, कारण तुमच्या प्रतिक्रियेचा सगळा भार त्यावर आहे.

मलाखी ३:१० आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातलं 'भांडार' ही खरीखुरी खोली होती हे विसरूनच जातो. ती खोली नहेम्याच्या तेराव्या अध्यायात सापडते. धान्याचा, नव्या द्राक्षारसाचा आणि तेलाचा दशांश तिथे ठेवत, लेव्यांसाठी (मंदिराच्या सेवकांसाठी) आणि गायकांसाठी. नहेम्या परगावी गेलेला असताना एल्याशीब याजकाने ती मोठी खोली आपल्या नात्यातल्या तोबीयाला राहायला देऊन टाकली. नहेम्या परतला, त्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं. मग त्याच्या लक्षात आलं की लेव्यांना त्यांचा वाटाच मिळत नाहीये आणि पोटासाठी ते आपापल्या शेतावर निघून गेलेत. त्यानंतर त्याने काय केलं? लोकांना नाही, अधिकाऱ्यांना झापलं, आणि भांडारावर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसं नेमली. बहुतेक अभ्यासक मलाखीचा काळ याच्या आसपासचाच धरतात. त्याच्या पुस्तकात आधी याजकांनाच फटके आहेत. ज्या अध्यायात आकाशकपाटं आहेत त्याच अध्यायात, पाच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांवर देव साक्ष देणार आहे. व्यासपीठावरून ते पाचवं वचन मी फारसं ऐकलेलं नाही.

आता दशांश कशाचा होता ते बघा. लेवीय २७ मध्ये जमिनीचं पीक, झाडांची फळं आणि गुराढोरांतलं दहावं. म्हणजे ज्याच्याकडे जमीन किंवा जनावरं आहेत त्याचं उत्पन्न. अनुवाद १४ मध्ये तर गंमत आहे: दशांश घेऊन कुटुंबाने देव निवडेल त्या ठिकाणी जायचं आणि तिथे देवासमोर तो स्वतः आनंदाने खायचा, फार लांब असेल तर विकून पैसे बांधून न्यायचे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, उपरा, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. सांगायचं इतकंच की नियमशास्त्रात गरीब माणूस प्रामुख्याने दशांशाच्या घेणाऱ्या बाजूला उभा आहे. आपण त्याला देणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा केलाय, वर चुकला तर शाप लागेल असं सांगून.

अर्पणांचंही तसंच. लेवीय ५ मध्ये मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतात, तीही परवडत नसतील तर थोडंसं सपीठ चालतं. ऐपतीप्रमाणे पायऱ्या केलेल्या आहेत. बाळंतिणीच्या शुद्धीकरणालाही असाच सवलतीचा दर होता. लूक २:२४ उघडून बघा, योसेफ आणि मरीया बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी काय वाहिलं? पक्ष्यांची जोडी. कोकरू नाही. आपल्या प्रभूच्या घरानेच गरिबाच्या दराने दिलं. म्हणून कोणी म्हणालं का की त्यांच्यात विश्वास कमी होता?

विधवेबद्दल. मार्क १२:४१ पासून ती गोष्ट सुरू होते. त्याच्या लगेच आधीचं वचन आहे शास्त्र्यांबद्दल, जे विधवांची घरं गिळतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. मग येशू दानपेटीसमोर बसतो आणि एक विधवा आपली सगळी उपजीविका टाकताना बघतो. तिने सगळ्यांहून जास्त टाकलं असं तो म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत. ती गोष्ट वाचून विधवेला "टाक" म्हणणाऱ्याने आपण कोणत्या चित्रात बसतो ते एकदा तपासावं. हे तुम्हाला नाही हो काका. कापणीच्या सणात मंडळीसाठी लिलाव होतो, एक भोपळा दोन हजारांना जातो, आणि तो घेणारा कधी कधी नुसत्या लाजेखातर हात वर करतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आणि सासूबाईंची औषधं. तुम्ही लिहिलंय, "घरखर्च कुठेतरी आवळता येतोच." १,५०० तिथलेच सुटण्यासारखे दिसतात. मार्क ७ मध्ये 'कुर्बान' आहे: आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात वर करणं. त्यावर येशू किती कडक बोललाय ते तुम्हाला मी सांगायला नको.

उद्याच्या चिंतेचं मला जरा कमीच बोलायचंय. मत्तय ६ मधला तो सगळा भाग "देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही" यानंतर येतो. म्हणजे प्रश्न मालक कोण हा आहे. ज्या माणसाला आपलं देणं किती हेच माहीत नाही, कंपनीचा फोन वाजला की जो तो उलटा ठेवतो, त्याचा मालक कोण? रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस बहुधा वही न लिहिणाराच असतो. मान्ना आठवा, रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. साठवलेला मान्ना किडला हे आपण मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतो, पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं आणि तो किडला नाही, हेही त्याच अध्यायात आहे. (दुष्काळाआधी इजिप्तमध्ये धान्य साठवणाऱ्या, उत्पत्तीतल्या योसेफाचं उदाहरण मी मुद्दामच देत नाही. पाचवा हिस्सा साठवला म्हणून त्याला सगळे आर्थिक नियोजनाचा संत करतात. उत्पत्ती ४७ पर्यंत वाचलं तर त्याच धान्याच्या बदल्यात लोकांची गुरं, जमिनी आणि शेवटी ते स्वतः फारोचे, म्हणजे तिथल्या राजाचे, झाले. माझ्या वहीला तो आदर्श नको.)

रमाबाईंबद्दल मात्र मला वाद घालायचाच आहे. त्या प्रार्थनेवर जगल्या, मान्य. पण त्या हिशेबाच्याही पक्क्या होत्या. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं ते दहा वर्षं मदत देण्याच्या बोलीवर. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. दहा वर्षं संपल्यावर काय, हा प्रश्न त्यांनी मुदत संपण्याआधीच विचारला. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, की बागेच्या उत्पन्नावर सदनाला आधार मिळावा. मग दुष्काळ आला, शेकडो मुली आल्या, आणि त्यांना आसरा द्यायला ती जमीन होती. पुढे तिथे छापखाना आणि विणकामही सुरू झालं. उद्यासाठी झाडं लावणाऱ्या बाईला तुम्ही अविश्वासी म्हणणार नाही. आणि रेव्हरंड टिळकांच्या (कवी ना. वा. टिळक) उदारपणाचे गोडवे आपण गातो तेव्हा एक नजर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडेही टाकावी. घरात काही नसताना ताटं वाढायची वेळ त्यांच्यावर यायची, आणि ते त्यांनी हसत हसत लिहूनही ठेवलंय.

तुमचं एक वाक्य मात्र मला पूर्ण पटलं: "कर्ज फिटल्यावर देऊ म्हणणारा कधीच देत नाही." खरं आहे. कार्ड फिटतं, मग घराचं कर्ज येतं, मग मुलीचं इंजिनिअरिंग. आणि आपली कार्डं भरतात ती बरीचशी डिसेंबरात. सगळ्यांना नवे कपडे, फराळ, केक, पाहुणे, रोषणाई, आणि जानेवारीत स्टेटमेंट. पैसा वाढला की गरजा त्याच्या एक पाऊल पुढेच असतात. इथे मला मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली आठवतो. ऑक्सफर्डला त्याला वर्षाला ३० पौंड मिळत, तो २८ मध्ये भागवून २ देऊन टाकी. उत्पन्न ६० झालं, मग ९०, मग १२०; तो २८ मध्येच भागवत राहिला, बाकी वाटलं. दहा टक्क्यांचा त्याने विचारही केलेला दिसत नाही. त्याने घट्ट धरलं ते स्वतःच्या खर्चाला. माझ्या मते ख्रिस्ती घराच्या बजेटचं काम हेच आहे. शिल्लक फुगवणं हे त्याचं काम नव्हे, आणि बायबलची वचनं लावून श्रीमंत होणं तर नव्हेच; आपल्याला पुरे किती, ते आधी लिहून ठेवायचं. दोन लाख पगारवाल्याने वीस हजार देऊन मोकळं व्हावं आणि बत्तीस हजारवाल्याने औषधं थांबवून ३,२०० द्यावेत, हे एकच प्रमाण दिसायला समान आहे, पण दोघांवर पडणारं वजन समान नाही. पौलाने करिंथकरांना (दुसरं पत्र, आठवा अध्याय) लिहिलंय की देणं जवळ असेल त्याप्रमाणे मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. त्या दोन लाखवाल्यांना मात्र मी दशांश ही कमाल मर्यादा आहे असं कधीच म्हटलेलं नाही. तो लेख लिहिला तर तुमच्याइतका राग आणखी काही जणांना येईल.

आता आकडा.

६०,००० वर महिना साडेतीन टक्के व्याज धरा: २,१००. त्यावर अठरा टक्के जीएसटी: ३७८. म्हणजे त्या ३,००० मधले २,४७८ हवेत जातात, मुद्दल कमी होतं ५२२ ने. दरमहा तेवढेच भरत राहिले तर ढोबळमानाने ४४ महिने लागतील आणि व्याज-कर मिळून सत्तर हजारांच्या आसपास जाईल. तेही मधे कोणी आजारी पडलं नाही तर. कारण उरलेले ३,२०० पूर्ण पाकिटात गेले की डॉक्टरचं बिल पुन्हा कार्डावरच जाणार. असा दशांश दिसायला मंडळीचा, पण उधार बँकेकडून आणलेला.

म्हणून पगाराच्या दिवशी, बाकी एक रुपयाही खर्चायच्या आधी, ५०० पाकिटात. हो, आधी, इथे मी तुमच्याच बाजूची आहे. २,००० कार्डावर जादा, म्हणजे महिन्याला एकूण ५,०००. उरलेले ७०० आजारपणासाठी वेगळ्या खात्यात. कार्ड कपाटात, आणि नाताळला सुद्धा बाहेर नाही. पतसोसायटीतून किंवा बँकेतून साधं वैयक्तिक कर्ज मिळालं तर त्याने कार्ड आधी फेडून टाकावं, व्याज बरंच उतरतं. पण तसं नाही झालं तरी या हिशेबाने १७ महिन्यांत कार्ड फिटतं आणि व्याज-कर जातो पंचवीस हजारांच्या आत. बँकेला जाणारे पंचेचाळीस हजार वाचले. पाळकांचा पगार वर्गणीतून निघतो ही तुमची काळजी मला कळते, माझ्याही मंडळीत तेच आहे. पण ती तूट या घराच्या औषधांतून भरायची नाही. ती भरायची ज्यांच्याकडे आहे त्यांनी, आणि मंडळीच्या पंचांनी वर्षाचा जमाखर्च फलकावर लावला तर ते देतीलही. पौलसुद्धा वर्गणीची रक्कम एकटा घेऊन जात नव्हता, कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घ्यायचा.

अठराव्या महिन्यात त्या घराच्या हातात, कार्डाचे ३,००० सुटल्यामुळे, ६,२०० मोकळे असतील. त्यातून किती द्यायचे हे त्यांनी त्या दिवशी बसून ठरवायचं आहे. तुम्ही तेव्हा त्यांच्याकडे चहाला जा आणि "आता द्या" म्हणा. माझी हरकत नाही, मी सोबत येईन.