फॉलेटने हेरकथा सोडलीच नाही

ब्रिटिश कादंबरीकार केन फॉलेटने १९८९ साली हेरकथा सोडली आणि तो इतिहासाकडे वळला, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. हेरकथेचं तंत्र त्याने जसंच्या तसं उचलून बाराव्या शतकात नेलं, म्हणून तर त्या वर्षी आलेलं 'द पिलर्स ऑफ द अर्थ' हजार पानांच्या घरात जाऊनही खाली ठेववत नाही.

त्याची १९७८ ची हेरकथा 'आय ऑफ द नीडल' घ्या. साल १९४४. इंग्लंडच्या पूर्वेला, ईस्ट अँग्लियात जमवलेली अमेरिकी फौज खोटी आहे, विमानं नुसती प्लायवूडची आहेत, हे जर्मन हेर फेबरला कळतं. म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा हल्ला कॅलेवर नाही, नॉर्मंडीवर होणार. आता नॉर्मंडीत काय झालं हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. मग धाकधूक कशाची? ल्यूसीची. फेबर जिथे येऊन पडतो ते वादळाने तोडलेलं बेट, तिथे ती, दोन्ही पाय गमावलेला नवरा, पदरी लहान पोर. ही बाई वाचते की नाही, ते इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

'पिलर्स'मध्ये हेच. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मॉडच्या भांडणाचा निकाल ठरलेला आहे. जीव अडकतो तो किंग्जब्रिज या काल्पनिक गावच्या चर्चला खाणीतून दगड मिळणार का यात. बांधकाम तर इतकं नेमकं, की वाचताना गवंड्याशेजारी उभं असल्यासारखं वाटतं. लाकडी छताच्या हिशोबाने उभ्या केलेल्या भिंतींवर आल्फ्रेड हा गवंडी दगडी कमानींचं छत चढवतो. कमान नुसती खाली वजन टाकत नाही, भिंतींना बाहेरही रेटते. भिंती मजबूत केलेल्या नसतात आणि भर प्रार्थनेत छत माणसांवर कोसळतं. पुढे जॅक हा दुसरा गवंडी फ्रान्समधून टोकदार कमान शिकून येतो. तिचा रेटा कमी असतो. तरी उंचावर तडे जातातच, कारण वारा! त्यावर उपाय म्हणजे भिंतींना बाहेरून कमानीचे टेकू.

आपल्या सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर नाशिकहून तासाभरावर. तिथलं काम खांब-तुळयांचं, वजन सरळ खाली, त्यामुळे असा रेटा नाही. त्या दगडांवर छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटावर मराठीत हजार पानं का नसावीत? आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतेक वेळा राजा किंवा सरदाराभोवतीच फिरते, आणि त्याचा शेवट वाचक आधीच जाणून असतो. नाशिकात लिहिणारे कमी नाहीत. हा विषय कोणीतरी खरंच घ्यावा.

फॉलेटची शिस्तही घेण्यासारखी आहे. आधी प्रकरणवार आराखडा, तो पुन:पुन्हा बदलायचा, आणि दर चार ते सहा पानांनी गोष्टीला वळण. अनेक वर्षं त्याचा एजंट असलेल्या अल झुकरमनने लेखनतंत्रावरच्या आपल्या पुस्तकात 'द मॅन फ्रॉम सेंट पीटर्सबर्ग'च्या आराखड्याचे एकामागून एक खर्डे छापलेत. लिहिणाऱ्याने ते वाचावेतच.

दोष आहेत. 'पिलर्स'मधला सरदार विल्यम हॅम्ले पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता दुष्ट. विसाव्या शतकावरच्या तीन कादंबऱ्यांची, २०१० ते २०१४ ची शतक-त्रयी मला कमी आवडते, कारण प्रत्येक मोठ्या घटनेला तिची पात्रं बरोब्बर हजर असतात.

नव्याने वाचणाऱ्यांनी 'पिलर्स'पासून सुरू झालेल्या किंग्जब्रिज मालिकेची पुस्तकं कथेच्या काळानुसार लावू नयेत. २०२० चं 'द इव्हिनिंग अँड द मॉर्निंग' कथेत सर्वांत आधीचं असलं, तरी सुरुवात 'पिलर्स'नेच करा. त्यात बलात्काराचे प्रसंग आहेत आणि ते सविस्तर आहेत, तेव्हा शाळकरी मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा.