‘टाकी गुणिले अ‍ॅव्हरेज’ हा हिशेब रस्त्यात उभं करेल

ऊन तापायला लागलं की तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि जूनमध्ये मनालीहून लेहला बाइकने निघालेल्या पुतण्याने खाली ‘सेव्ह केलं’ असं लिहिलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मेसेजमधले दावे असे: उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो, म्हणून अर्धीच भरा आणि रोज एकदा झाकण उघडून गॅस जाऊ द्या (याखाली ‘इंडियन ऑइलचा इशारा’ असं छापलेलं), टाकीचे लिटर गुणिले कंपनीचं अ‍ॅव्हरेज, एवढे किलोमीटर गाडी जाणारच, रिझर्व्हचा दिवा लागला तरी शंभर किलोमीटर चिंता नको, उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, पेट्रोल पहाटे भरा (थंड असतं, जास्त मिळतं), शंभर रुपयांऐवजी एकशेदहाचं भरा (गोल आकड्यावर माप मारतात), आणि पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल सोबत ठेवा.

सगळ्यात घातक दावा दुसरा, कारण तो गणितासारखा दिसतो. पुतण्याच्या गाडीची टाकी 13 लिटरची. अ‍ॅव्हरेज चाळीसचं धरलं तर मेसेजप्रमाणे 520 किमी. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे उतरलं की टांडीचा पंप लागतो. तिथली पाटी बाइकवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किमीवर. 520 मधून 365 गेले, दीडशे उरले, असं म्हणून माणूस निर्धास्त निघतो आणि पेट्रोल संपतं ते लेहच्या अलीकडच्या ओसाड पठारावर.

कंपनीचा आकडा चाचणीकेंद्रात रोलरवर गाडी चालवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने निघतो. तो खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. पण त्यात समोरून येणारा वारा नाही, घाट नाही, मागे बसलेला माणूस नाही, दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगा नाहीत, हवा कमी असलेला टायर नाही. वेगाचा परिणाम तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट. साठच्या वेगाला चाळीस देणारी गाडी नव्वदच्या वेगाला तिशीत उतरते ती यामुळे. गाडीत बिघाड नसतो.

लेहच्या रस्त्यावर चढाची भर पडते. वाटेतल्या खिंडी बघा: बारालाचा ला जवळपास 4,900 मीटरवर, टांगलांग ला 5,300 मीटरच्याही वर. तिथे हवा विरळ, इंजिनाची ताकद उतरलेली, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस देत चढावं लागतं. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर आणखी वाईट: जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) आपलं ठरलेलं पेट्रोल सोडत राहतं, हवा मात्र कमी, म्हणून काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरने पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) गाडीत सेन्सर मात्रा जुळवून घेतो, पण चढ आणि ओझं काही कमी करत नाही. डबलसीट, सामानासकट 27 धरा. त्याहून जास्त मिळालं तर आनंदच.

आणि 13 लिटरही पूर्ण वापरता येत नाहीत. बाइकची टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते, तळाशी तिचे डावा-उजवा असे दोन कप्पे होतात. पेट्रोल उचललं जातं एका बाजूने, दुसऱ्या बाजूचं शेवटचं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून येत नाही. लिटरभर सोडूनच द्या. मग उरले 12, गुणिले 27, म्हणजे 324 किमी. लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, पण तोही टांडीपासून साधारण 330 किमीवर. म्हणजे फुल्ल टाकी करूनही गाडी थोडक्यात कमी पडते. रस्ता बंद म्हणून मागे वळावं लागलं तर विषयच संपला. म्हणून 365 वर वीस टक्के वाढवा: 438 किमी. भागिले 27, साधारण सव्वासोळा लिटर. टाकीतले कामाचे 12 वजा केले की सव्वाचार. म्हणजे पाच लिटरचा कॅन लागतोच.

27 हा आकडा तुमच्या गाडीचा नसेल, तो तुम्हीच काढायचा आहे. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, टाकीच्या झाकणाखाली जो गळा असतो त्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरा, ट्रिप मीटर शून्य करा. किमान 200-250 किमी चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, तशीच उभी करून, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. 248 किमी झाले आणि 7.6 लिटर बसले, तर 32.6 चं अ‍ॅव्हरेज. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेलं अ‍ॅव्हरेज फसवं असतं. ते पेट्रोल लिटरभरही नसतं, आणि भरताना 100 मिलीची चूक झाली तरी उत्तर दहा टक्क्यांनी हलतं. साडेसात लिटरवर तीच चूक दीड टक्क्याच्या आत राहते. शहरात, हायवेवर आणि डबलसीट घाटात असं तीनदा काढा. प्रवास आखताना तिन्हींतला सर्वांत कमी आकडा घ्या, सरासरी नको. एकदा पन्नासेक किलोमीटरवर तुमचं मीटर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघा. मीटर दोन-तीन टक्के जास्त दाखवत असेल तर तेवढं वजा करा.

आता अर्ध्या टाकीचं. ज्यांच्या नावावर हा इशारा खपवला जातो त्या इंडियन ऑइलनेच जाहीर खुलासा केलेला आहे: वाहन कंपनीने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळा असो की हिवाळा, पूर्णपणे सुरक्षित आहे. नाव त्यांचं, आणि नकारही त्यांचाच. मागचं विज्ञानही सरळ आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, नागपूर-चंद्रपूरचा मे महिना 47-48 अंशांवर थांबतो. ठिणगी पडली तरी वाफ पेटायला हवेतलं तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मधे असावं लागतं. बंद टाकीत वाफ त्याहून खूप दाट असते. झाकण उघडून ‘गॅस’ सोडलात की हीच वाफ बाहेरच्या हवेत मिसळून पेटण्याजोगी होते. धोका टाळायला सांगितलेला उपायच धोका तयार करतो. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांना ती वाफ धरून ठेवायला कोळशाचा कॅनिस्टर दिलेला आहे, तिला वाट आधीच करून दिली आहे.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. झाकणापर्यंत ठासून भरू नये. पेट्रोल दर अंशाला साधारण 0.1 टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून 28 अंशांवर आलेलं 13 लिटर पेट्रोल उन्हात 48 वर गेलं की पाव लिटर वाढतं. गळ्यात जागा नसेल तर ते ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर येतं किंवा कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि कॅनिस्टर भिजला की गाडी नीट चालू होत नाही. म्हणून गळ्याच्या खालच्या कडेला थांबायचं. पण ‘गळा सोडा’ वेगळं आणि ‘अर्धी टाकी सोडा’ वेगळं. टांडीहून अर्ध्या टाकीवर निघालेला माणूस दीडशे किलोमीटरवर पेट्रोल शोधत बसेल.

रिझर्व्हच्या शंभर किलोमीटरला काहीही आधार नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसतेच. टाकीखालच्या पेट्रोलच्या नॉबला टाकीच्या आत दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’ला उंच नळीतून पेट्रोल येतं, पातळी तिच्याखाली गेली की गाडी आचके देते, ‘रिझर्व्ह’ला फिरवलं की बुटक्या नळीतून उरलेलं मिळतं. पेट्रोल भरल्यावर नॉब परत ‘ऑन’वर आणायला विसरलात तर पुढच्या वेळी आचके येणार नाहीत, गाडी सरळ बंद पडेल. याच गाड्यांत बंद पडल्यावर नॉबच्या बाजूला गाडी कलती केली की पलीकडच्या कप्प्यातलं थोडं पेट्रोल या बाजूला येतं, दोन-चार किलोमीटरचं काम होतं. हे खरं आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांत नॉब नाही, फक्त दिवा आहे, आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारा छोटा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. वारंवार तळापर्यंत चालवली तर तो तापून खराब होतो आणि त्याची किंमत बऱ्याच फुल्ल टाक्यांएवढी असते. तुमच्या गाडीचं रिझर्व्ह मोजायला टाकी कोरडी करायची गरज नाही. दिवा लागला की लागलीच पंप गाठा आणि खुणेपर्यंत भरा. 13 लिटरच्या टाकीत 10.4 बसले, तर 2.6 उरले होते. त्यातला एक लिटर सोडा. 1.6 गुणिले 27, म्हणजे 43. डोक्यात 30 धरा. काटा साइड स्टँडवर आणि चढावर चुकीचंच दाखवतो, कारण आतला फ्लोट कललेल्या पातळीवर तरंगत असतो. डिजिटल मीटरवरचे ‘उरलेले किलोमीटर’ मागच्या काही अंतराच्या सरासरीवर काढलेले असतात. घाट उतरताना दिसलेले 90 पुढच्या चढाला झरझर घसरतात.

उतारावर इंजिन बंद करणं हा तर जिवाशी खेळ आहे. गिअर सुटला की इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. चावी बंद केली तर ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएसही गेलं. वाचतं काय? इंजिन नुसतं चालू राहायला ताशी साधारण पाव लिटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या उतरणीला शंभर-सव्वाशे मिली. त्यातही इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये, थ्रॉटल (रेस) सोडून उतरवली तर ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतंच. गिअरमध्येच उतरा.

पहाटेचं पेट्रोल आणि एकशेदहा रुपये यांवर फार लिहीत नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान पहाट-दुपारमध्ये फारसं हलत नाही. मापाची शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात मोजून मागा. तो तुमचा हक्क आहे.

बाटली मात्र नको. पेट्रोलियम कायदा, 1934, कलम 8 बघा: विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंत जवळ ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच आणि चिनी माती एक लिटरपर्यंत, धातू 25 लिटरपर्यंत. प्लॅस्टिकचं त्यात नाव नाही. पाण्याची बाटली उन्हात फुगते, बूच सैल होतं आणि वाफ बॅगेत साठते. धातूचा कॅन घ्या, वर थोडी जागा सोडा, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, उभा, पट्ट्याने आवळून बांधा. दीडशेक किलोमीटर झाले आणि टाकीत जागा झाली की कॅन टाकीत रिकामा करा, शेवटपर्यंत वागवू नका.

एवढं करूनही इंजेक्शनची गाडी कोरडी झालीच, तर अर्ध्या लिटरवर स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. दीड-दोन लिटर टाका, चावी चालू करून पंपाचा घूंऽऽ आवाज थांबेपर्यंत थांबा, चावी बंद करा. असं तीनदा केलं की लाइनमध्ये दाब येतो, मग स्टार्ट करा.