गाडी घेण्यासाठी नको, गाडी चालवण्यासाठी पैसा उभा करूया

पावसाळा तोंडावर आला की आपल्या खानापूर तालुक्यात बससाठी निवेदनं सुरू होतात. एक खानापूर डेपोला, एक बेळगावच्या विभागीय कार्यालयाला, एक आमदारांना. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. शाळा-कॉलेजं उघडतात, पंधरा दिवस गाडी वेळेवर येते, मग हळूच संध्याकाळची एक फेरी गळते आणि पुढच्या जूनपर्यंत ती गळलेलीच राहते. या निवेदनांवर मी सह्या केल्या आहेत आणि पुढेही करीन. बस देणं हे कर्नाटकच्या परिवहन महामंडळाचं काम आहे, त्यातून त्यांना मोकळं सोडायचं नाही. पण नुसतं मागत राहून भागत नाही हे आता पुरेसं दिसलं आहे. गावांनी मागणीसोबत आपला वाटाही टेबलावर ठेवायला हवा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ते सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

मी हायस्कूलमध्ये शिकवते. आमच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबी म्हणा, नेरसे-हेमाडगा म्हणा, दहावीपर्यंत मुलगी कशीबशी पोचते. पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, खानापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं. सकाळची गाडी बहुधा मिळते, कारण वस्तीची गाडी गावातच थांबलेली असते. खरा प्रश्न परतीचा. कॉलेज सुटल्यावर दोन-अडीच तास स्टँडवर काढायचे, मग फाट्यावर उतरायचं आणि तिथून रानातल्या रस्त्याने, भर पावसात, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं. आई-बाप आठ दिवस सोसतात, महिनाभर सोसतात. मग एके दिवशी घरी ठरतं, "राहू दे यंदा, बाहेरून बसव परीक्षेला." त्या घरात शिक्षणाला कुणाचाही विरोध नसतो. फीचीही फारशी अडचण नसते. अडलेलं असतं ते फाटा ते गाव या चार-सहा किलोमीटरवर. हुशार मुलींची वह्या-पुस्तकं अशी बांधून ठेवली गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचा मला अजूनही संताप येतो.

आजारी माणसाचं तर बोलायलाच नको. मणतुर्ग्याजवळ हलात्री नदीला पाणी चढलं की हेमाडगा रस्ता बंद. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांतून पेशंटला लाकडाला बांधून, खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणावं लागतं, कारण 108 तिथवर येऊच शकत नाही. तो प्रश्न पुलांचा, रस्त्यांचा आणि वनखात्याच्या परवानगीचा आहे. गाडीने तो सुटणार नाही, म्हणून इथे त्यात शिरत नाही. पण जिथे डांबरी रस्ता आहे, पूल आहे आणि तरीही गाडी नाही, अशी गावं कितीतरी आहेत. माझं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

आता शक्ती योजना. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांतून राज्यात फुकट प्रवास मिळतो. ही योजना मला मनापासून आवडते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा कुणापुढे हात न पसरता लेकीकडे जाऊन आल्या, दवाखान्यात गेल्या, बाजार करून आल्या. पण योजना आली त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. मागून येणारी गाडी आधीच भरून येते आणि मधल्या स्टॉपवरची पोरं हात करत राहतात. शिवाय 5 जानेवारी 2025 पासून तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे पुरुष माणसाला जास्त पैसे मोजूनही दारातच उभं राहायचं. फुकट तिकीट गाडीत चढता आलं तरच उपयोगाचं.

गाडी नसली की वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाड्या, आहेतच. वडापवाल्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. आपली पोरं आहेत, कर्ज काढून क्रूझर-टमटम घेतल्यात, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवतात. पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. गर्दीच्या रस्त्यावर दहा गाड्या असतात आणि शेवटच्या वाडीला एकही नसते. दुधाची गाडी मात्र बस पोचत नाही तिथेही सकाळ-संध्याकाळ पोचते आणि लोक कॅनच्या बाजूला दाटीवाटीने बसून येतात. हे धोक्याचं आहे. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची नुकसानभरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर घरच्यांच्या हाती काही पडत नाही आणि गाडीवाल्याचं घरही धुऊन जातं.

मग कुणीतरी म्हणतं, वर्गणी काढूया, गावाची गाडी घेऊया. नाहीतर आमदार निधीतून, कुठल्या कंपनीकडून मिळवूया. इथेच मला थांबवावंसं वाटतं. गाडी घ्यायला पैसे मिळतात. आमदाराला वर्षाला 2 कोटी, खासदाराला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. गाडी दिली की हार घालता येतो, बाजूला नाव रंगवता येतं. पण तिच्यात डिझेल कोण घालणार? ड्रायव्हरचा पगार कोण देणार? टायर गेले, विमा संपला, मग? देणगीत आलेल्या रुग्णवाहिका गवतात उभ्या राहून गंजताना आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या दिल्या वाईट हेतूने नव्हत्या. चालवण्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता, एवढंच.

तो हिशेब एकदा कागदावर मांडूया. आकडे अंदाजाचे आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या. सोळा सीटची गाडी धरा, रोज 80 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस. लिटरला 8 किलोमीटर धरले तर रोज 10 लिटर डिझेल. 90 रुपयांच्या भावाने महिन्याला 22,500. ड्रायव्हरला 18,000. विमा, टॅक्स, टायर, सर्व्हिसिंग मिळून 12,000 बाजूला ठेवा. झाले 52,500. रोज 40 माणसांनी सरासरी 20 रुपये दिले तर 20,000 जमतात. उरलेले 32,500 दर महिन्याला कुठून तरी यायला हवेत, तेही एक वर्ष नाही, कायम. आणि यातली 40 माणसंही खात्रीची नाहीत, कारण कर्नाटकातल्या बाईला सरकारी गाडी फुकट आहे. ती गावच्या गाडीत 20 रुपये का घालील? तासभर उशीर झाला तरी ती लाल गाडीचीच वाट बघेल आणि तिचं काही चुकणार नाही.

म्हणून मुख्य रस्त्यावर महामंडळाशी स्पर्धा करणारी गाडी आपण काढू नये. महामंडळालाच भागीदार करावं. फेरी त्यांची, चालक-वाहक त्यांचे, शक्तीचं फुकट तिकीट चालू आणि त्या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देणार. तोट्याचं कारण सांगून जी फेरी बंद होते, तिच्या तोट्यातला ठरलेला वाटा गावांनी उचलायचा. त्या बदल्यात वेळ आणि मार्ग ठरवताना गावाला विचारायचं. लेखी करार करायचा.

हे कल्पनेतलं नाही. केरळमध्ये ग्रामवंडी नावाची योजना आहे. 29 जुलै 2022 ला तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीतून ती सुरू झाली. बस, कर्मचारी आणि देखभाल तिथल्या महामंडळाची, डिझेलचा खर्च पंचायतीचा. मार्ग आणि वेळ पंचायत ठरवते. दोन-तीन पंचायती मिळूनही गाडी घेऊ शकतात आणि खासगी संस्था डिझेलचा खर्च उचलून गाडीवर जाहिरात लावू शकते. गाडी मुक्कामी राहिली तर कर्मचाऱ्यांच्या झोपायची सोय आणि गाडी लावायला सुरक्षित जागा गावाने द्यायची. हे शेवटचं तर आपल्याला शिकवायलाच नको. वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला घालणारी घरं आपल्या गावोगावी आहेत.

महाराष्ट्रातही जवळचं उदाहरण आहे. मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी निळ्या बस धावतात. पैसा त्या कार्यक्रमाचा, गाड्या एसटी चालवते. म्हणजे एका खात्याच्या पैशावर दुसऱ्याने बस चालवणं आपल्या शेजारीच होतं आहे. इंग्लंडमध्ये 1985 च्या वाहतूक कायद्यातच ना-नफा संस्थांना मिनीबस चालवायला वेगळा, सोपा परवाना ठेवला आहे आणि तिथे बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक गाडी चालवतात. ते मला आपल्याकडे जमेल असं वाटत नाही. रोज पहाटे साडेपाचला पावसात गाडी काढणाऱ्या माणसाला पगार मिळालाच पाहिजे.

आपल्या कायद्यातही वाट आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम 67 मध्ये नवं पोटकलम आलं. ग्रामीण वाहतूक आणि घरापर्यंतचा शेवटचा टप्पा यांसाठी राज्य सरकार वेगळी योजना करून परवाने देऊ शकतं. म्हणजे फाटा ते वाडी या तुकड्यासाठी वडापवाल्यांनाच परवाना, विमा आणि ठरलेलं वेळापत्रक देऊन गाडी सरळ मार्गाने चालवता येईल. महामंडळाची बस फाट्यावर आली की तिला जोडून ही गाडी सुटायची. भरो न भरो, सुटायची. न भरलेल्या सीटांचे पैसे गावाच्या निधीतून मिळणार असतील तर वडापवाला आनंदाने सुटेल.

महिला संघांसाठीही रस्ता आहे. 2017 साली केंद्राने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. तिच्यात बचतगटाच्या सदस्याला गाडी घ्यायला साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज त्यांच्याच गाव-संघातून देण्याची सोय होती. कर्नाटकात हे काम संजीवनी अभियान बघतं. तिथे जाऊन आपल्या तालुक्यात अशी गाडी मिळू शकते का, हे संघाच्या अध्यक्षबाईंनी लेखी विचारावं. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर येतं.

आता मूळ प्रश्न, दर महिन्याच्या पैशाचा. माझ्या मते हा भार एकट्या पंचायतीवर टाकणं चुकीचं होईल. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीचंच बघा. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकलेला होता. मोकळा राहिला 40 टक्के, त्यातच गटार, दिवे, रस्ते सगळं. त्यातून डिझेल घालायचं तर राज्य सरकारचा स्पष्ट आदेश हवा, नाहीतर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, सही करणार नाहीत. घरपट्टीच्या स्वतःच्या उत्पन्नातून थोडा वाटा उचलायला ग्रामसभेचा ठराव लागेल. पण तो थोडाच असेल हे आधीच मान्य करूया.

बाकीचा पैसा ज्यांना आपल्या माणसांची ये-जा हवी आहे त्यांच्याकडून यावा. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत आपल्याच खेड्यांतली पोरं जातात. पावसात गाडी चुकली की त्यांचा रोज बुडतो आणि मालकाची पाळी अर्धी पडते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत शिक्षण आहे, ग्रामीण विकासही आहे. त्यांच्याकडे गाडी मागू नका. तीन वर्षांच्या डिझेलचा करार मागा. बेळगावातल्या आपल्या सहकारी बँका, सोसायट्या वार्षिक सभेत धर्मादाय रक्कम मंजूर करतात. त्यातला एक हिस्सा दरवर्षी एका मार्गाला द्यावा. शिक्षणसंस्थांनीही यात यायला हवं, कारण फेरी बंद पडली की त्यांच्याच वर्गाचे बाक रिकामे होतात. यात्रा कमिटीकडे मात्र मी वर्गणी मागणार नाही. तो पैसा लोकांनी देवासाठी दिलेला असतो आणि त्यावरून गावात भांडणं लागतात.

सीमाभागाचं वेगळं दुखणं आहे ते बोलल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. वाद पेटला की पहिल्यांदा बस थांबते. डिसेंबर 2022 मध्ये थांबली, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा थांबली. एसटीला काळं फासलं, इकडच्या गाडीला फासलं, आणि शिनोळी-बाची रस्त्यावर ताटकळली ती दोन्हीकडची गरीब माणसं. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या कितीतरी गावांना बाजार, दवाखाना, कॉलेज म्हणजे बेळगावच. सरहद्दीच्या अलीकडे आपल्या बायकांना फुकट प्रवास, पलीकडे 17 मार्च 2023 पासून त्यांच्या बायकांना अर्धं तिकीट, आणि एकाच बाजाराला जाणाऱ्या दोघींना नियम वेगवेगळे. सीमाप्रश्नावर माझी भूमिका सगळ्यांना माहीत आहे, ती मी सोडलेली नाही. सुप्रीम कोर्टात 2004 पासून दावा आहे, तो तिथे चालू दे. पण निकाल लागेपर्यंत मुलींनी फाट्यावर थांबावं, हे मला मान्य नाही.

म्हणून मार्गाची जी कमिटी होईल तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही गावांची माणसं हवीत. वाटेवर कन्नड बोलणारी वाडी असेल तर तिचा माणूस हवाच, मुसलमान गल्ली असेल तर तिचाही. गाडीवर कुठल्याही पुढाऱ्याचं, पक्षाचं, संघटनेचं नाव नको. वेळापत्रकाचा बोर्ड दोन्ही भाषांत असावा आणि जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावा. कमिटीत निम्म्या बायका असाव्यात, कारण कुठली फेरी गळली हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

सुरुवात मोठी नको. एक मार्ग, चार-पाच गावं, एक संध्याकाळची फेरी. आधी महिनाभर फाट्यावर वही घेऊन बसा आणि कोण, कुठून, किती वाजता येतं-जातं ते लिहा. कॉलेजची पोरं हे काम चांगलं करतील. ती वही घेऊन डेपो मॅनेजरांकडे गेलात तर बोलणं वेगळं होतं, कारण तुम्ही मागणीबरोबर आकडेही नेलेले असतात. मग ग्रामसभांचे ठराव, मग करार.

ठरावाचा मसुदा मी मराठीत तयार केला आहे. कन्नडमध्येही हवा. ज्यांचं कन्नड चांगलं आहे त्यांनी कृपया मदत करावी. ज्यांच्या गावची पंचायत हा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यायला तयार आहे, त्यांनी गावाचं नाव, फाट्यापासूनचं अंतर आणि बंद पडलेल्या फेरीची वेळ मला कळवा. एकाच रस्त्यावरची गावं एकत्र करून पहिली बैठक खानापुरातच घेऊ, रविवारी, म्हणजे शिक्षक आणि कामगार दोघांनाही येता येईल.