९५ म्हणजे ३८ नाही ताई, पण घट्ट झाली ती चूक आमचीच

नमस्कार ताई, रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला, दुकान माझंच आहे म्हणून मीच उत्तर देते. तुम्ही १ स्टार देऊन लिहिलंय की लेकीनं फ्रान्सहून आणलेली ९५ ई ची ब्रा तुम्हाला एकदम नीट बसते, तसलीच मागितली तर आमच्या दुकानातल्या पोरीनं ३६ डी दिली, घरी घातली तर घट्ट, आणि ९५ सेंटिमीटर म्हणजे ३८ इंच एवढा साधा हिशोब आमच्यात कुणाला येत नाही. मग तुम्ही दुसऱ्या दुकानातून ३८ डी घेतली आणि ती बसली. (साइझ तुम्ही स्वतः लिहिलाय म्हणून इथं बोलते हं, नाहीतर गिऱ्हाइकाचा नंबर आम्ही कुणाला सांगत नाही.)

तर आधी ९५ चं बघू. फ्रान्सच्या ब्रावरचा ९५ म्हणजे टेपवरचे सेंटिमीटर नव्हेत. छातीच्या खालचा घेर ८० सेमीच्या आसपास भरला की जर्मनीकडं सरळ ८० लिहितात, फ्रान्स आणि स्पेनवाले त्यातच १५ मिळवून ९५ लिहितात, इटलीत त्यालाच ४ नंबर, ऑस्ट्रेलियात १४ आणि इंग्लंड अमेरिकेत ३६, आपण पण तेच उचललंय. बाई तीच, पट्टा तोच, नंबर पाच. आणि ३६ म्हणजे तरी ३६ इंच कुठं असतात ओ, घेर साडेएकतीस इंचच असतो, त्यात ४-५ इंच मिळवून नंबर काढायची जुनी पद्धत आहे ती तशीच चालत आलीय. घरातली कुठलीपण ३६ ची ब्रा न ताणता टेपनं मोजून बघा, ३६ भरणार नाही.

तुमचा घोळ कुठं झाला तेही कळलं मला, आणि त्यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडच्या साध्या होजिअरी मालाच्या पाकिटावर ३८ च्या शेजारी ९५ सेमी छापलेलं असतं, इंचाचे साधारण सेमी करून, बनियनवर असतंय तसं. ते बघून बघून ९५ म्हटलं की आपल्याला ३८ च आठवणार.

म्हणजे पट्ट्याचा नंबर ३६ बरोबरच दिला होता. चुकला तो कप, म्हणजे आकड्यापुढचं अक्षर, आणि तो आम्ही चुकवला. युरोपात डी नंतर सरळ ई येतो, इंग्लंडच्या मापात डी नंतर डीडी आणि मग ई, म्हणजे तुमची फ्रान्सची ई आपल्याकडं डीडी होते. (अमेरिकेत तर डीडी नंतर ट्रिपल डी असतंय, आणि जपानी माल ऑनलाइन मागवणाऱ्यांनी अजून एक कप मोठा धरायचा, तिकडं कप लहान येतात.) तुम्हाला ३६ डीडी मिळायला पाहिजे होती. ती आमच्याकडं होती पण. २०१९ च्या पुरात खालचा सगळा माल भिजून गेला तेव्हापासून जादा स्टॉक मी वर माळ्यावर ठेवते, पोरगी वर चढायचा कंटाळा करून खाली होती ती डी देऊन मोकळी झाली, वर 'चालतंय, वापरून सैल होईल' असंपण म्हणाली. कप वापरून सैल होत नसतोय. मागं पडदा लावून घालून बघायची सोय आहे तेपण तिनं सांगितलं नाही. दोन्हीबद्दल मनापासून सॉरी, तिला बोललेय मी.

आणि ३८ डी का बसली, तर पट्टा एक नंबर वाढला की त्याच अक्षराचा कपपण मोठा होतो, ३८ डी चा कप ३६ डीडी एवढाच भरतो. पुढनं बसणारच, पण पट्टा तुम्हाला ढिला होणार, मागनं वर सरकायला लागेल आणि सगळं वजन खांद्यावर येईल. एक बघा, नवी ब्रा पहिल्या दिवशी सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसायला पाहिजे, म्हणजे पुढं इलॅस्टिक सैल पडलं की आत सरकायला जागा राहते. तुम्ही आत्ताच आतल्या हुकावर लावत असाल तर ३८ मोठीच होतेय. लावत नसाल आणि आरामात वाटत असेल तर खुशाल तीच वापरा, मी उगीच माझा माल खपवायला सांगत नाही.

आतले कपडे आम्ही बदलून देत नाही, बोर्ड लावलाय तसा, पण हे आमच्याकडनं झालंय म्हणून ३६ डी घेऊन या, घातलेली धुतलेली असली तरी चालेल, बिल नसलं तरी चालेल. डीडी माळ्यावरनं काढून बाजूला ठेवलीय. जमलं तर दुपारी ४ नंतर या, तेव्हा मी स्वतः असते, आणि फ्रान्सवालीपण आणा बरोबर, तिचा पट्टा किती ताणतोय ते शेजारी धरून बघू.