ताई, हंसराज बहुतेक जिवंत आहे. सांगायचं राहिलं ते आमच्याकडून

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. ऑगस्टमध्ये तुम्ही चिपळूणला येऊन आमच्या नर्सरीतून हंसराज या नेच्याची (फर्नची) ३ रोपं पुण्याला नेलीत, प्रत्येकी २५० रुपयांना. गणपतीपर्यंत ती छान होती. मग पानांच्या कडांना तपकिरी रेघा आल्या, दिवाळीनंतर सगळी पानं वाळली. तुम्ही कीटकनाशक फवारलं, कुंड्या उन्हात ठेवल्या, पाणी वाढवलं. फोन केलात तर "ते असंच असतं" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंय की आम्ही जंगलातली फुकटची रोपं उपटून आणतो आणि लोकांना विकतो.

आधी फोनचं. असं तोडून बोलायला नको होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे, हा नेचा दिवाळीच्या सुमारास पानं टाकतो हे रोप हातात देतानाच सांगायला हवं होतं. पावसाळ्यातल्या गर्दीत ते राहिलं. जबाबदारी माझी आहे, मी मनापासून माफी मागतो.

हंसराज हा आपल्या सह्याद्रीतला पावसाळी नेचा. पहिले पाऊस झाले की जांभ्याच्या दरडीवर, गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) फटीत, जुन्या विहिरीच्या आतल्या अंगाला तो फुटतो. काळी चकचकीत काडी आणि तिच्यावर अर्धचंद्रासारखी दलं, म्हणजे पानाचे छोटे भाग. पाऊस सरला, हवा कोरडी पडली की पानं वाळतात आणि मातीतला छोटा गड्डा तेवढा जिवंत राहतो, पुढच्या जूनपर्यंत. पुण्यात हवा आमच्या आधी कोरडी होते, म्हणून तुमच्याकडे हे लवकर घडलं. शहरात 'मेडनहेअर' म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतला, याच कुळातला. ओलावा सांभाळला तर तो वर्षभर हिरवा राहतो. तो डोळ्यांसमोर असताना आमचा हंसराज मेला असं वाटणं साहजिक आहे.

त्या तपकिरी रेघा म्हणजे रोग नाही. नेच्याला फूल नाही, बी नाही; त्याचे बीजाणू, म्हणजे बीचं काम करणारे बारीक कण, पानाच्या मागे धरतात. हंसराजात दलाची कड किंचित मागे दुमडते आणि त्या दुमडीखाली बीजाणू पिकतात, तीच ती रेघ. म्हणजे तुमच्या घरी रोप पूर्ण वाढलं होतं, तुम्ही ते चांगलं सांभाळलं होतं. त्यावर औषध मारायची गरज नव्हती. आणि ऊन तर त्याला नकोच. पान इतकं पातळ असतं की दुपारच्या उन्हात ते लवकर कडेनं करपतं. पूर्वेकडची गॅलरी, सकाळचा कोवळा उजेड आणि नंतर सावली, एवढं त्याला पुरतं.

आता जंगलाबद्दल. हा आरोप मला सर्वांत जास्त लागला, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडचा एकही हंसराज रानातून उपटलेला नाही. या नेच्याच्या पानाचं टोक लांबत जातं आणि मातीला टेकलं की तिथे मुळं धरून नवं रोप तयार होतं. आम्ही आमच्याच जुन्या रोपांभोवती लहान कुंड्या मांडतो, टोकं त्यांत टेकवतो, वर एक खडा ठेवतो. एका पावसाळ्यात टेकवलेलं टोक पुढच्या पावसाळ्यात विकण्याजोगं होतं. बीजाणूंपासून करायचं तर वेळ त्याहून जास्त लागतो. २५० रुपये त्या वर्षभराच्या राखणीचे आहेत. दरडीवरचा हंसराज ओढला तर पान हातात येतं, गड्डा तुटून आत राहतो किंवा मुळं सोलली जातात, आणि असं रोप सहसा जगत नाही. औषधासाठीही लोक तो उपटतात. आमच्या पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) काही भिंती डोळ्यांदेखत उघड्या पडल्यात. त्या पुन्हा हिरव्या व्हाव्यात म्हणूनच आम्ही हे काम धरलं. रानातलं रोप विकायची वेळ आली तर मी नर्सरी बंद करेन.

तुम्हाला पैसे परत हवे असतील तर ७५० रुपये लगेच पाठवतो, रोपं परत मागणार नाही. पण कुंड्या टाकू नका. वाळलेली पानं मातीलगत कापा, वरची माती बोटानं हलकेच बाजूला करा. गड्डा कडक लागला तर तो जिवंत आहे. मऊ पडून वास येत असेल तर तो कुजलाय, आणि तेवढी रोपं मी जूनमध्ये नवी देईन, वाहतुकीचा खर्चही माझा. कुंडीत निव्वळ चिकणमाती असेल तर मे महिन्यात ती बदला: लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि विटेचे किंवा जांभ्याचे बारीक तुकडे, म्हणजे पाणी साचणार नाही. तोवर कुंड्या सावलीत ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर पाणी पुरे. मे अखेरीस वळवाचे ढग दिसू लागले की रोज थोडं सुरू करा.

यापुढे प्रत्येक हंसराजाच्या कुंडीला आम्ही मराठीत चिठ्ठी बांधणार आहोत: पानं वाळतील, कुंडी टाकू नका, जूनची वाट बघा.

पाणी वाढवलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आज मात्र काही घालू नका. माती कोरडी होऊ द्या आणि तिन्ही गड्ड्यांचे फोटो नर्सरीच्या नंबरावर पाठवा. मी स्वतः बघून कळवतो.